मूळ द्रावण

रसायनशास्त्र हे एकच शास्त्र असं आहे की ज्यात कुणी एकटं राहूच शकत नाही. सृष्टीतला अणू न अणू कुणाचा तरी हात धरायला धडपडत असतो, असं आमचे विभागप्रमुख प्रा. कुंभोजकर सर टी. वाय.च्या पहिल्या तासाला म्हणाले. वर्गात मी एकटा होतो.

"अपवाद फक्त काही निष्क्रिय वायूंचा," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरीकडे बघण्यासारखं कुणी नव्हतं.

मग त्यांनी फळ्यावर एक मोठा रेणू काढला आणि वळून विचारलं, "मागं दिसतंय ना सगळ्यांना?"

मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"दिसतंय सर," मी म्हणालो.

याला आता तीसेक वर्षं झाली. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जिथं माणूस मराठी बोलता बोलता नकळत कानडीत शिरतो, तिथल्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. दुसऱ्या वर्षाला आम्ही केमिस्ट्रीवाले अर्धा डझन तरी होतो. मग एक जण पोलीस भरतीत गेला, एकीचं लग्न ठरलं, एकानं केमिकलनं टक्कल पडतं असं ऐकून भूगोल घेतला. बाकीचे कुठं गेले ते त्यांनी मला सांगितलं नाही. खालच्या वर्गांत तर केमिस्ट्री घेतलेलं कुणी उरलंच नव्हतं. मीही विषय बदलणारच होतो, पण तो कुठल्या खिडकीवर बदलून मिळतो हे कळेपर्यंत खिडकी बंद झाली.

सरांनी मात्र वर्गाची शिस्त मोडली नाही. ते रोज हजेरी घेत. "रोल नंबर एक." "येस सर." मग ते मान वर करून सगळी बाकं एकदा बघत आणि हजेरीपट मिटत. एकदा मी तापानं पडलो. दुसऱ्या दिवशी सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काल तुम्ही सगळ्यांनी मिळून तास बुडवलात. हे असलं मला चालणार नाही."

"सॉरी सर."

"पुन्हा असं ठरवून करू नका."

मी पुन्हा ठरवून केलं नाही. ठरवायला कुणी पाहिजे ना.

माझी खोली पिठाच्या गिरणीमागं होती. दिवसभर गिरणी बोलायची. संध्याकाळी ती बंद पडली की अशी शांतता व्हायची की मी मोठ्यानं काहीतरी बोलून बघायचो. विशेष काही नाही. आज कपडे धुवायला पाहिजेत, डाळ संपली, असलं. दिवसभरात तोंडातून 'येस सर' सोडून दुसरं काही बाहेर पडलं नसेल तर माणसाला आपला आवाज तपासावासा वाटतो. कँटीनमध्ये इतिहासवाल्यांचं एक टेबल होतं, कॉमर्सवाल्यांची दोन होती. केमिस्ट्रीचं टेबल म्हणजे मी जिथं बसेन ते. प्रॅक्टिकलच्या दिवशी तर माझ्या अंगाला सडक्या अंड्याचा वास यायचा आणि आजूबाजूची टेबलंही केमिस्ट्रीची व्हायची.

प्रॅक्टिकलला जोडीदार लागतो. एकानं ब्युरेटची तोटी सोडायची, दुसऱ्यानं खालचा फ्लास्क हलवायचा. एकट्यालाही जमतं, पण सर म्हणाले, "मी हलवतो." आणि ते हलवायचे. पन्नाशी कधीच ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस माझ्यासमोर फ्लास्क हलवत उभा आहे आणि आम्ही दोघंही त्या पाण्याकडे टक लावून ते गुलाबी व्हायची वाट बघतोय, अशा कितीतरी दुपारी गेल्या. बोलणं नसायचं. गुलाबी झालं की सर म्हणायचे, "झालं." मी म्हणायचो, "झालं सर."

प्रयोगशाळेत तिसरा माणूस म्हणजे सिद्राममामा. प्रयोगशाळेचा शिपाई. जुलैमध्ये एकदा टेस्टट्यूबमध्ये ब्रश फिरवता फिरवता त्यानं विषय काढला.

"तू बी जानार म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"कुनी म्हनाय कशाला पायजे? तोंडावर दिसतंय की."

खोटं नव्हतं. माझे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, सांगलीत औषधांची एजन्सी चालवायचे. त्यांनी मला तिथं बोलावलं होतं. एजन्सीत काम, आणि शेजारच्याच कॉलेजात डी. फार्म.ला प्रवेश. मुख्य म्हणजे तिथं बहीण होती, भाचे होते, रात्री जेवताना भांडाभांडी होती.

"जा बाबा, जा," सिद्राममामा म्हणाला. "तू गेलास की वर्ग बंद. वर्ग बंद की सर सरप्लस. सरप्लस मास्तर म्हंजे कसं ठावं हाय का? लग्नात दुसरा नवरदेव आल्यागत. बसवायचा कुठं त्येला?"

"असं कसं होईल?"

"झालंय की. पलीकडच्या कॉलेजातल्या येका सरास्नी रोज नव्या गावाला पाठवत हुते. शेवटी म्हातारा यस्टीतच राह्यला लागला. ह्यांची तर रिटायरमेंट आली. बीपी हाय. बोलत न्हाईत, पर आतनं..." त्यानं ओल्या ब्रशासकट मूठ छातीवर आपटली. शर्टवर डाग पडला. "येका पोराच्या जिवावर उभा हाय मानूस. पर तू जा. तुझं तू बघ."

पुढच्याच आठवड्यात दाजी स्वतः स्कूटरवरून मला न्यायला आले. खोली बघितली, गिरणी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"चल, आवर. ट्रंक मागं बांधू."

"दाजी, मी म्हणत होतो की हे वर्ष पुरं करावं."

"कशासाठी?"

खरं कारण सांगणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, "मला केमिस्ट्री आवडते."

दाजी खाटेवर बसले. त्यांनी आवाज खाली आणला. "नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"पाव्हणं, मी पण कॉलेज केलंय. मला सुद्धा एक वर्ष संस्कृत आवडत होतं. वर्गात मुली किती?"

"एकही नाही."

"मुलं?"

"मीच."

दाजींनी खोली पुन्हा एकदा बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरी काळजी दिसली. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

"पास तर होशील?"

"म्हणजे काय दाजी! एवढं वर्ष घालवतोय ते कशासाठी?"

"तिकडं जागा थांबायची नाही हां. तुझ्या बहिणीला काय सांगू?"

"सांगा, पदवी घेऊनच येतो."

स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा गिरणी बंदच होती. त्या संध्याकाळी मी काही बोलून बघितलं नाही.

एकदा थांबायचं ठरल्यावर मी ते मन लावून केलं. सरांना आपली गरज आहे असं वाटत राहावं म्हणून मी शंका विचारायला लागलो. शंका नसायच्या. शंका यायला आधी थोडंफार कळावं लागतं. पण मी पुस्तक कुठंही उघडून बोट ठेवायचो आणि सर अर्धा तास बोलायचे. त्यांच्या विनोदांना मी हसायचो. वर्गात एकच माणूस हसला की फार वाईट आवाज येतो, पण मी हसायचो.

सरही अलीकडे जरा वेगळेच वागायला लागले होते. "जेवण जातं ना?" ते मधेच विचारायचे. "झोप लागते?" ॲसिडची बाटली ते माझ्या हातात देत नसत, स्वतः ओतायचे. विषारी रसायनांच्या कपाटाला एरवी नुसती कडी असायची. तिथं नवं कुलूप आलं. एकदा ऑक्सिडेशन शिकवता शिकवता ते थांबले, खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत म्हणाले, "आयुष्य फार सुंदर आहे, सदलगे." आणि पुन्हा ऑक्सिडेशनकडे वळले. मी मनात म्हटलं, बिचारे. आपली नोकरी माझ्यावर टांगलेली आहे म्हणून किती जपतात मला.

सरांचं घर कोल्हापूरला. बायको तिकडं, हे इकडं एका खोलीत. आम्ही दोघंही अक्कांच्या खानावळीत जेवायचो. म्हणजे संध्याकाळी आमचा वर्ग पुन्हा भरायचा, फक्त वेगवेगळ्या टेबलांवर. सर भिंतीकडे तोंड करून बसत, मी दाराकडे. सरांसमोर जाऊन बसायची रीत नव्हती आणि सरांनी विद्यार्थ्याला बोलवायचीही नव्हती. अक्का एकदा म्हणाल्या, "आवं, येका टेबलाव बसला तर मला येकच तांब्या ठेवावा लागंल की." दोघांनीही ऐकलं नाही असं केलं.

जानेवारीत गॅदरिंगच्या वेळी प्रत्येक विभागाचा फोटो निघाला. इतिहासवाल्यांना तर स्टुलांवर तिसरी रांग करावी लागली. आमची पाळी आली. सर मधल्या खुर्चीत बसले, मी मागं उभा राहिलो. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून वाट बघत राहिला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "सर, बाकीच्यांना बोलवा की लवकर. ऊन चाललंय."

"काढा," सर म्हणाले.

"एवढेच?"

"एवढेच."

"मग साहेब, तुम्ही तरी जरा मधी सरका," तो मला म्हणाला. मी मधेच होतो.

प्रॅक्टिकलची परीक्षा मार्चमध्ये झाली. बाहेरच्या परीक्षक म्हणून कोल्हापूरच्या बावडेकर मॅडम आल्या. त्यांनी प्रयोगशाळेत पाय टाकला, रिकाम्या ओट्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "बॅच चहाला गेलीय का?"

"हीच बॅच," सर म्हणाले.

मॅडमनी मला नमस्कार केला. एवढी मोठी बॅच एकट्यानं सांभाळणाऱ्याला करतात तसा.

मला एक मिश्रण मिळालं. पांढरी पूड. तिच्यात कोणकोणते क्षार आहेत ते शोधायचं. पूड पाण्यात विरघळवायची, एकेक रसायन घालत जायचं, साका बसला की गाळून बाजूला काढायचा, राहिलेल्यात पुढचं रसायन घालायचं. वर्षभर हेच केलं होतं. मी कामाला लागलो. सिद्राममामानं पोहे आणले आणि पलीकडच्या ओट्यावर दोन्ही परीक्षक खायला बसले. मॅडमचा आवाज प्रयोगशाळेच्या मानानं मोठा होता.

"मला एक सांगा कुंभोजकर, तुम्ही अजून इथं कसे? जूनमध्ये तुमची कोल्हापूरची ऑर्डर निघाली होती की. स्टाफरूममध्ये तुमची खुर्ची पुसून ठेवली होती आम्ही."

"नाही जमलं," सर म्हणाले.

"न जमायला काय झालं? वहिनी मंडईत भेटल्या होत्या. म्हणाल्या, वर्षानुवर्षं मागून मिळालेली बदली स्वतःच्या हातानं परत केली. कारण विचारलं तर गप्प बसतात."

"जरा हळू. पोरगं बसलंय."

मॅडमनी आवाज खाली आणला. तो तरीही आलाच. "या एकासाठी?"

"एकटा आहे हो. मनाला फार लावून घेणारा आहे. मी गेलो असतो तर काय केलं असतं त्यानं, सांगता येत नाही."

माझ्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात टेस्टट्यूब. मी दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. मग ट्यूब बेसिनमध्ये ओतून विसळली. ओतल्यावर लक्षात आलं की मूळ द्रावण तेवढंच होतं.

अजून अमोनियम तपासायचा राहिला होता. मूळ गेलं तरी पुढच्या पायऱ्यांवरचं द्रावण शिल्लक होतं. ते घेतलं, त्यात कॉस्टिक सोडा घातला, तापवलं, तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरला. तो असा निळा झाला की वर्षभरात माझं कुठलंच उत्तर इतकं स्पष्ट आलं नव्हतं. मी लिहिलं: अमोनियम, आहे.

तोंडी परीक्षेला मॅडमनी माझ्या उत्तरावर बोट ठेवलं.

"अमोनियम कशात तपासलात?"

"द्रावणात."

"मूळ द्रावणात?"

"मूळ संपलं होतं मॅडम. नंतरच्यात."

"नंतरच्यात तोपर्यंत काय काय घातलं होतंत?"

"नवसागर," मी आठवून सांगितलं. "मग अमोनियाचं पाणी."

"नवसागरात काय असतं?"

"अमोनियम."

"म्हणजे अमोनियम तुम्हीच घातलात. आणि मग आहे का म्हणून तपासलंत."

"हो."

"आणि सापडला."

"हो मॅडम. एकदम स्पष्ट."

"सापडणारच की हो," मॅडम म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या. सर खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत होते.

त्या संध्याकाळी मी खानावळीत गेलो तेव्हा सर भिंतीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी समोरची खुर्ची पायानं जरा मागं सरकवली.

"इथं बस."

मी बसलो. अक्का दोन तांबे घेऊन येत होत्या. त्यांनी एक परत नेला.

"अमोनियम नव्हता," सर म्हणाले.

"काय होतं?"

"बेरियम. पांढरा साका आला असेल बघ."

"आला होता. मला वाटलं, असाच आला असेल."

सरांनी भाकरी मोडली. आमटीत बुडवली. मग ती तशीच ताटात ठेवली.

"ऐकलंस तू सकाळी."

"हो."

"सिद्राम म्हणाला होता मला. पोरगं खोलीवर एकटंच बोलत बसतं, गिरणीवाल्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तुम्ही गेलात तर जिवाचं बरंवाईट करून घेईल म्हणाला. हातात ऑर्डर होती माझ्या. बॅगसुद्धा भरली होती."

"बोलत होतो सर. पण डाळीबद्दल बोलत होतो."

"डाळीबद्दल?"

"संपली, असं."

सरांनी हे उत्तर काही वेळ तपासलं. "मग तू का थांबलास? तुझे दाजी न्यायला आले होते म्हणे."

"मी गेलो तर तुम्ही सरप्लस व्हाल म्हणून."

"कोण म्हणालं?"

"सिद्राममामा."

"मी सरप्लस झालो असतो तर कोल्हापूरला गेलो असतो," सर म्हणाले. "घरी."

आम्ही जेवत राहिलो. अक्कांनी न विचारता दोघांना भात वाढला. मग सरांनी विचारलं, "आणि त्या शंका? रोज विचारायचास त्या?"

"त्या तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"अच्छा." त्यांनी ताकाची वाटी उचलली, ठेवली. "मी रात्री वाचून यायचो त्यासाठी. तू विचारशील म्हणून."

"शिकवायचात छान सर."

"कळायचं?"

"नाही."

सर हसले. त्यांच्या विनोदांना मी वर्षभर हसलो होतो; मी काही बोलल्यावर ते हसल्याचं मला तरी आठवत नाही. मग ते म्हणाले, "एक विचारू? सुट्टीत घरी गेलो की ही विचारायची, तिथं तुमचं आहे कोण? मी सांगायचो, माझा वर्ग आहे." त्यांनी हात धुतले आणि रुमालाला पुसत राहिले. विचारायचं काय होतं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सिद्राममामाला गाठलं. तो विषाच्या कपाटाचं नवं कुलूप काढत होता.

"मामा, सरांना काय काय सांगितलंत तुम्ही?"

"दोघांस्नी बी येकच सांगितलं. त्येला तुमची गरज हाय. आता ह्यात खोटं काय हाय ते दाव."

"पण तुम्हाला काय मिळालं यातून?"

"मला?" त्यानं कुलूप खिशात टाकलं. "ल्याब बंद झाली की मला कॉलेजच्या चेअरमनच्या द्राक्षबागंत धाडत्यात. दिसभर येकटा. बोलायचं कुनासंगट? द्राक्षांसंगट? हितं निदान तुमी दोगं हुतासा. गप का हुईना." आणि तो ब्रश शोधायला लागला, कारण आमच्या परीक्षेची भांडी अजून तशीच पडली होती.

मी उन्हाळ्यात ट्रंक घेऊन गाव सोडलं. निरोप द्यायला सर स्टँडवर आले होते. बस सुटेपर्यंत आम्ही दोघंही तिच्या पुढच्या चाकाकडे बघत उभे होतो, कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा सर म्हणाले, "झालं." मे महिन्यात ते कोल्हापूरला गेले. सिद्राममामा बागेत गेला. वर्ग बंद झाला, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

जूनमध्ये निकाल लागला. विद्यापीठानं प्रत्येक महाविद्यालयाचे विषयवार आकडे छापले होते. आमच्या महाविद्यालयापुढं रसायनशास्त्राच्या रकान्यात होतं: बसलेले एक, उत्तीर्ण शून्य.